मिठाच्या भट्टीतून आलेली ताटली

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे बहुतेक लोक मला प्लास्टिकची समजतात. मी रागावत नाही. माझा रंग पांढरा आहे, पण दुधासारखा नाही, जुन्या कागदाकडे झुकणारा. वजनाला मी हलकी. काठावर टोपलीच्या विणीसारखी नक्षी उठवलेली आहे, आणि अंगावरून बोट फिरवलंत तर संत्र्याच्या सालीवरून फिरवल्यासारखं वाटेल. मी एक जुनी इंग्लिश ताटली आहे. थोडी खोलगट, त्यामुळे आमटीसारखा पदार्थही माझ्यात राहतो. माझं वय अडीचशे वर्षांच्या वर आहे. नक्की किती, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

माझा जन्म इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायर परगण्यातला. पांढरी माती दूरच्या समुद्रकाठाहून गाड्यांतून यायची. गारगोटी भाजून तिचं पीठ करायचे आणि ते त्या मातीत कालवायचे. मग साच्यावर दाबून आम्हाला आकार द्यायचे आणि भट्टीत रचायचे. भट्टी पुरती तापली की माणसं तोंडाला ओली फडकी बांधून वर चढायची आणि वरच्या भोकांतून आत मीठ टाकायची. साधं, खायचं मीठ. त्या आचेत मिठाची वाफ होते, वाफ आमच्या अंगावर बसते आणि तिचीच काच होते. मीठ टाकायच्या दिवशी गावावर इतका धूर पसरायचा, की रस्त्यातली माणसं एकमेकांवर आदळायची. तुमच्या घरात लोणच्याची चिनी मातीची बरणी असेल, तर ती माझी लांबची बहीण समजा. कितीही आंबट घाला, तिला काही होत नाही. मलाही होत नाही.

जहाजात गवताच्या गादीवर बसून आम्ही बऱ्याच जणी नेदरलँड्सला आलो. रॉटरडॅमच्या एका व्यापाऱ्यानं आम्हाला विकत घेतलं. त्याच्या घरी पाहुणे आले की आमची नक्षी दिव्यापाशी धरून बघत, कौतुक करत. पण कौतुकाला फार वर्षं मिळाली नाहीत. इंग्लंडातून नव्या, गुळगुळीत, सायीच्या रंगाच्या ताटल्या यायला लागल्या आणि आमच्या अंगावरचे बारीक खड्डे लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले. आम्ही दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेलो, तिथून नोकरांच्या टेबलावर आणि शेवटी एका शेतावर. माझ्या बहिणी एकेक करून फुटल्या. मी कोंबड्यांना दाणे घालायच्या कामी आले. मला त्याचं फार दुःख झालं असं सांगितलं, तर ते खरं होणार नाही. दाणे काय आणि मेजवानी काय, ताटलीला दोन्हींचं वजन सारखंच वाटतं.

त्या शेतावरचं सामान विकायला निघालं, तेव्हा रीट नावाच्या एका बाईनं मला उचललं. अॅमस्टरडॅमच्या दक्षिणेला उइटहॉर्न नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या एका चाळवजा रांगेतल्या घरात ती राहायची. सगळी घरं एकमेकांना चिकटलेली, पुढे सायकली, मागे हातभर बाग. तिचा नवरा कोर हा नदीवरचा पूल उघडायचा आणि बंद करायचा. बोट आली की पूल वर, बोट गेली की खाली. जन्मभर त्यानं तेच काम केलं. रीटनं मला धुऊन भिंतीवर अडकवलं, पण घरात कुणी जेवायला आलं की ती मला खाली काढायची. मग रीट वारली. त्यानंतर मला कुणी खाली काढलं नाही. माझ्या काठाच्या विणीत धूळ बसली. कोर तोवर ऐंशीच्या पुढे गेले होते, एकटे राहत होते, आणि म्हातारपणी काय काय पुसायचं राहून जातं ते त्यांना दिसत नव्हतं.

आता ज्यांची गोष्ट मला सांगायची आहे, त्या वीणाआजींकडे येते.

कोर आजोबांच्या शेजारच्या घरात सुश्रुत आणि उत्तरा हे पुण्याचं जोडपं राहत होतं. दोघंही आयटीत. आधी ती अॅमस्टरडॅममध्येच, बुइटनव्हेल्डर्ट भागात लहान फ्लॅटमध्ये होती, बाळ होणार म्हणून इकडे मोठ्या घरात आली. सुश्रुतच्या आई, म्हणजे वीणाआजी, बाळंतपणासाठी फेब्रुवारीत पुण्याहून आल्या. मार्चच्या सुरुवातीला ईशान जन्मला. आणि त्याच महिन्यात, तुम्हाला आठवत असेल किंवा घरच्यांनी सांगितलं असेल, करोनामुळे सगळं जग बंद झालं. शाळा बंद, ऑफिसं बंद. भारतात जाणारी विमानं बंद. आजींचं परतीचं तिकीट कपाटात पडून राहिलं आणि आजोबा, म्हणजे संजीवराव, पुण्यात एकटे अडकले.

ईशानचं बारसं घरातल्या घरात झालं. पाळण्यासमोर लॅपटॉप ठेवला होता आणि पुण्याची सगळी मंडळी त्यातून बघत होती. आजींनी शिरा केला होता. तो खायला घरात मोठी माणसं तीनच. आजींनी एक स्टीलची वाटी भरली, मागच्या बागेत गेल्या आणि कुंपणापलीकडे पेपर वाचत बसलेल्या कोर आजोबांना हाक मारली. दोन्ही बागांच्या मधल्या कुंपणाला रीटनं रोपांसाठी ठोकलेली एक फळी होती. आजींनी वाटी फळीवर ठेवली आणि त्या मागे सरकल्या.

दुसऱ्या दिवशी कोर आजोबांनी सफरचंदाची धिरडी केली. त्यांच्या रोजच्या ताटल्यांचे काठ उडालेले होते. थोडा वेळ ते स्वयंपाकघरात नुसते उभे राहिले, मग खुर्ची ओढून तिच्यावर चढले आणि त्यांनी मला भिंतीवरून काढलं. धुतलं. रीट गेल्यानंतर तीन वर्षांनी माझ्या अंगाला गरम अन्न लागलं.

आजींनी धिरडी काढून घेतली आणि मला नखानं टिचकी मारून बघितली.

“बरणीचा आवाज येतो,” त्या म्हणाल्या. घासणी बाजूला ठेवून त्यांनी मला हातानं, कोमट पाण्यानं धुतलं. संध्याकाळी कुंपणाशी त्यांनी विचारलं, “ही ताटली फार जुनी आहे का? मी वापरू नये का?”

दोघांचं बोलणं इंग्रजीत चालायचं, मोजक्या शब्दांत. मी ते तुम्हाला मराठीत सांगते आहे.

“खूप जुनी, असं रीट म्हणायची,” कोर आजोबा म्हणाले. “पण ती हेही म्हणायची, की यात जेवायचं असतं.”

“मग ठीक आहे,” आजी म्हणाल्या.

असं माझं जाणंयेणं सुरू झालं. जाताना माझ्यात घावन, कोबीची भाजी, मुगाची खिचडी. येताना उकडलेले बीट, पावाचं पुडिंग, एकदा नुसतीच ट्युलिपची दोन फुलं, कारण त्या दिवशी कोर आजोबांचं काहीतरी करपलं होतं. त्यांना हृदयाचा त्रास होता आणि डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं. हे कळल्यापासून आजी मीठ घालायच्या आधीच त्यांच्या वाटणीचं एका छोट्या पातेलीत वेगळं काढायच्या आणि वरून लिंबू पिळायच्या. तिकडून येणारं सगळंच अळणी असायचं. आजी त्यावर गुपचूप मीठ भुरभुरवून खायच्या.

उत्तराला हे पहिल्या आठवड्यातच दिसलं. तिनं ओट्यावर मला बघितलं आणि ती थांबली.

“आई, हे शेजारचं आहे ना?”

“हो. आज त्यांनी सूप दिलंय.”

“आई, प्लीज. बाळ एवढंसं आहे. मी जम्बो सुपरमार्केटमधून आलेली दुधाची पिशवीसुद्धा पुसून घेते. बाहेरचं भांडं नको घरात. थोडे दिवस नको.”

“बरं,” आजी म्हणाल्या.

त्या दिवशी संजीवरावांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी ओट्यावर निथळत होते. संजीवरावांनी दाढी वाढवली होती. ते म्हणाले, “खालच्या मजल्यावरच्या नीलांबरी रोज दाराशी डबा ठेवतात, नाहीतर माझं काय झालं असतं कोण जाणे.” आजींनी त्यांना शेजारच्या आजोबांचं सांगितलं, आणि सून नको म्हणते हेही सांगितलं.

“तिचंही बरोबर आहे,” संजीवराव म्हणाले.

“आहेच. पण तुम्हाला डबा येतो म्हणून मी इथे झोपू शकते. त्या माणसाची मुलगी लांब वाखनिंगनला असते. तिला कोण सांगणार, की तुझे बाबा आज जेवले?”



दुपारी उत्तरा बाळाला घेऊन वरच्या खोलीत झोपायची. सुश्रुत दुसऱ्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये असायचा. तेवढ्या वेळात आजी मागचं दार उघडून फळीपाशी जायच्या. मला कपाटात मागे, पोळपाटाच्या आड ठेवायच्या. आजी एरवी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. हे त्यांनी केलं, आणि रोज केलं. मी त्याला चांगलं की वाईट काही म्हणत नाही, जे झालं ते सांगते.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी कोर आजोबा उशिरा उठले. त्यांना ताप नव्हता, खोकला असा फारसा नव्हता. नाक जड आहे, फुलांच्या दिवसांत होतंच, असं ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी बटाटे उकडले, कडवट पाला बारीक चिरून त्यात ठेचला. हा इकडचा रोजच्या जेवणातला पदार्थ. त्यात सॉसेज घालतात, पण वीणाआजींसाठी ते घालत नसत. त्यांनी चमचाभर चाखलं आणि कपाळाला आठी घातली. रीटच्या वेळचा मिठाचा डबा वरच्या फळीवर होता, तो काढला. पाहुणीसाठी चिमूटभर चालेल, असा विचार केला असावा. चाखलं. पुन्हा घातलं. चाखलं. मग चमचा भरून घातला, ढवळलं आणि पुन्हा चाखलं. “आज कशालाच काही नाही,” असं म्हणून त्यांनी तो गोळा माझ्यात वाढला.

बागेत जाईपर्यंत ते दोनदा बसले, एकदा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आणि एकदा दाराच्या पायरीवर. एरवी मला फळीवर ठेवून ते आजींची वाट बघत थांबायचे. त्या दिवशी थांबले नाहीत. मला सगळं दिसत होतं, पण ताटली काय करणार? माझ्यात जे घालतात ते मी घेऊन जाते.

आजींनी ओट्याशी उभ्या उभ्या एक घास घेतला आणि तो लगेच सिंकमध्ये थुंकला. मग चमच्याच्या टोकावर कणभर घेऊन पुन्हा चाखला. त्या तशाच उभ्या राहिल्या. खिडकीतून शेजारचं दार दिसत होतं, ते अर्धवट उघडं होतं. त्या बाहेर गेल्या, कुंपणाशी उभ्या राहून “मिस्टर कोर” अशी हाक मारली. दोनदा, तीनदा. आतून हात वर झालेला दिसला, म्हणजे ठीक आहे असा. माणूस बाहेर आला नाही.

मला हातात घेऊनच त्या जिना चढल्या आणि त्यांनी सुश्रुतच्या दारावर टकटक केली. मीटिंग चालू असताना त्यांनी आजवर असं कधी केलं नव्हतं.

“आई, पाच मिनिटं,” सुश्रुत म्हणाला.

“आत्ता. हे चाखून बघ.”

त्यानं हेडफोन काढला, चाखलं आणि तोंड वाकडं केलं. “खारट आहे. कुणी केलंय?”

“शेजारच्यांनी.”

“म्हातारा माणूस आहे, आई. दोनदा मीठ पडलं असेल.”

“ते मीठ खात नाहीत. डॉक्टरांनी बंद केलंय. एवढ्या दिवसांत त्यांच्या हातचं एकदाही खारट नव्हतं.”

“तुला काय माहीत त्यांच्या हातचं कसं असतं ते?”

 बाळाला खांद्यावर घेऊन उत्तरा मागे दारात उभी होती. तिनं आजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“किती दिवस चाललंय हे?”

“पहिल्यापासून,” आजी म्हणाल्या. “तू मला नंतर काय हवं ते बोल. पण त्यांच्याकडे कुणीतरी बघा. माणसाला एवढं मीठ कळलं नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय.”

उत्तराचा चेहरा आधी रागानं लाल झाला होता, तो एकदम उतरला. “चव गेलीये त्यांची,” ती म्हणाली. “मी सकाळीच वाचलं. या आजारात वास आणि चव जाते म्हणे काहींची.”

तिनं बाळ सुश्रुतच्या हातात दिलं आणि कोर आजोबांना फोन लावला. घरात चांगलं डच तिलाच येत होतं. फोन स्पीकरवर होता. “बरं आहे,” कोर आजोबा म्हणाले, “जरा थकवा,” आणि मग श्वास घ्यायला थांबले, “आहे इतकंच.” उत्तरानं त्यांना शंभरपासून उलटे आकडे म्हणायला सांगितलं. ते चार आकडे म्हणाले, थांबले. दोन आकडे म्हणाले, थांबले. तिनं फोन ठेवला आणि त्यांच्या हाउसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना लावला. पलीकडून कुणीतरी म्हणालं असावं, की ताप आला तर कळवा. उत्तरा शांतपणे, एकेक शब्द सुटा करत बोलली. “कुंपणाच्या या बाजूनं मला काय दिसतं ते मी सांगते आहे,” ती म्हणाली, “तुम्ही येऊन बघितल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही.”

डॉक्टर आले. त्यांनी कोर आजोबांच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजला आणि तिथूनच अॅम्ब्युलन्स बोलावली. कोर आजोबा स्वतःच्या पायांनी बाहेर आले. त्यांना दाराला कुलूप लावायचं होतं, पण किल्ली कुलपात जाईना. अॅम्ब्युलन्समधून आलेल्या, अंगभर निळा झगा घातलेल्या मुलीनं ते लावून दिलं. गाडीत बसताना त्यांनी आमच्या खिडकीकडे बघून हात वर केला.

गाडी गेल्यावर उत्तरा वळली. “आई, बाळाला हात लावू नका.”

“नाही लावत.”

“तुम्ही वर माळ्यावरच्या खोलीत राहा. दोन आठवडे तरी. आणि ती ताटलीही वर न्या, खालच्या भांड्यांत ठेवू नका.”

आजींनी दोन साड्या, चष्मा आणि मला घेतलं आणि त्या माळ्यावर गेल्या.

माळ्याच्या खोलीला छपरातच एक तिरकी खिडकी होती. तिच्यातून फक्त आभाळ दिसायचं. आजी पलंगावर बसून राहायच्या. खाली ईशान रडला की त्या उठून जिन्यापर्यंत जायच्या, पहिल्या पायरीवर उभ्या राहायच्या आणि परत येऊन बसायच्या. तिसऱ्या दिवशी सुश्रुतला ताप आला. मग खाली एकटी उत्तरा. आजारी नवरा, दीड महिन्याचं बाळ आणि स्वयंपाक. त्या दिवसांत इथे घरोघरी तपासणी होत नव्हती, त्यामुळे तो ताप कशाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्यावरून आला का? असेलही. आजींच्या हातून? सुश्रुत सुपरमार्केटमध्ये गेला होता, तिथून? मला माहीत नाही. पण तो ताप असेपर्यंत आजींनी माझ्याकडे पाहिलं की त्यांची नजर माझ्यावर ठरायची नाही.

पाच-सहा पायऱ्या खाली उत्तरा जेवण ठेवायची आणि हाक मारायची. पहिल्या दिवशी आजी म्हणाल्या, “तू रागावली आहेस ते मला कळतं.”

“रागावलेच आहे,” खालून आवाज आला. “पण जेवून घ्या. गार होईल.”

कुकरची शिट्टी माळ्यापर्यंत ऐकू यायची. आजी वरून ओरडून सांगायच्या, “उत्तरा, तीन झाल्या, बंद कर.”

“कळतंय मला, आई.”

थोड्या वेळानं पुन्हा शिट्टी व्हायची. आजी तोंड घट्ट मिटून बसायच्या.

आठवडाभरानं सुश्रुतचा ताप उतरला. त्या दुपारी उत्तरा बाळाला पाजत जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसली. आजी वरच्या पायरीवर होत्या. मी त्यांच्या मांडीवर होते. माझ्यात चार द्राक्षं उरली होती.

“मला सांगितलं का नाही?” उत्तरानं विचारलं. तिचा आवाज थकलेला होता.

“सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते. ते चूक होतं का?”

आजींनी विचार केला. “नाही. बरोबर होतं.”

“मग?”

“ते एकटे होते, हेही खरं होतं. मला वाटलं धोका आहे तो माझा आहे, मी घेईन. पण तो माझा नव्हता. ईशानचा होता, तुझा होता. तो मी तुला न विचारता घेतला. ते माझं चुकलं.”

उत्तरानं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग म्हणाली, “त्यांच्या मुलीचा, योकेचा फोन आला होता. तिला हॉस्पिटलमध्ये जाऊ देत नाहीत. ती म्हणाली, डॉक्टरांचं म्हणणं आहे, एक दिवस उशीर झाला असता तर घरातच गेले असते.” ती थोडी थांबली. “तिनं विचारलं, तुम्हाला कसं कळलं. मी सांगितलं, माझ्या सासूबाईंना कळलं.”

“आणि फोन तू केलास,” आजी म्हणाल्या.

“हो.”

“त्या डॉक्टरांना मला नसतं पटवता आलं.”

त्यावर उत्तरा पहिल्यांदा थोडी हसली. “त्यांना पटलं नव्हतंच. त्यांना फोन ठेवायचा होता.”

दोन आठवडे झाल्यावर आजी खाली उतरल्या. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. उत्तरानं स्वतः पुढे येऊन ईशानला त्यांच्या हातात दिलं. आजी रडल्या नाहीत. त्यांनी त्याचे पाय हातात घेऊन बघितले आणि म्हणाल्या, “केवढा झाला.” मला त्यांनी उकळत्या पाण्यानं धुतलं. मी भट्टीतून आलेली, मला त्याचं काय.

कोर आजोबा मे महिन्यात घरी आले. त्यांचे गाल आत गेले होते आणि काठीशिवाय चालता येत नव्हतं. योके त्यांच्याबरोबर काही दिवस राहिली. त्यांना वाखनिंगनला न्यायचं तिच्या फार मनात होतं, पण नदी सोडून आपण कुठेही जाणार नाही असं त्यांनी सांगितलं. आजींनी मला कुंपणाच्या फळीवर ठेवलं. या वेळी उत्तराला सांगून, ती खिडकीत उभी असताना. माझ्यात दलिया होता. कोर आजोबांनी फळीपलीकडे उभं राहून तो खाल्ला.

“कसा आहे?” आजींनी विचारलं.

“गरम आहे,” ते म्हणाले. “मऊ आहे. बाकी काही कळत नाही.”

“येईल परत.”

“डॉक्टरही तेच म्हणतात.”

जूनमध्ये अडकलेल्यांना घेऊन जाणाऱ्या विमानात आजींना जागा मिळाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या कुंपणाशी निरोप घ्यायला गेल्या. जवळ जायचं नाही, हात मिळवायचा नाही, असा नियम होता. कोर आजोबांनी मला पुसून दोन्ही हातांनी पुढे धरलं.

“ही तुम्ही न्या. रीटला आवडलं असतं.”

आजींनी मान हलवली. “पुण्यात माझ्याकडे बरण्या आहेत. बॅगेत ही फुटेल. आणि मी नेली, तर इथे काय येईल-जाईल?”

कोर आजोबांना याचा पूर्ण अर्थ कळला की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी मला परत फळीवर ठेवलं. उत्तरा दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. 

आजी गेल्या. पुण्यात संजीवरावांनी दाढी केली होती, असं कॉलवर दिसलं म्हणे; तेव्हा मी तिथे नव्हते. मी कोर आजोबांच्या ओट्यावर रिकामी पडून होते. उत्तराची रजा संपत आली होती, ईशान हातातून खाली राहत नव्हता. तिला वेळ नव्हता आणि तिनं कुणाला काही कबूलही केलेलं नव्हतं. मला वाटलं, आता पुन्हा भिंत. भिंतीवरही वर्षं जातात.

एका सकाळी कोर आजोबांनी टोमॅटोचं सूप केलं. चमचा तोंडात घातला आणि ते थांबले. हात मिठाच्या डब्याकडे गेला, परत आला. आपल्याला कळणार नाही हे आता त्यांना कळत होतं, आणि त्यामुळे ते घाबरले होते. त्यांनी एका छोट्या पेल्यात थोडं सूप घेतलं, पेला माझ्यावर ठेवला आणि काठी टेकत मला घेऊन फळीपाशी आले. बागेत उत्तरा ईशानचे कपडे वाळत घालत होती.

“उत्तरा,” ते म्हणाले, आणि मागे सरकले. “माझ्यासाठी चाखून सांगशील? मला भीती वाटते.”

तिनं पेल्याकडे पाहिलं. मग वळली आणि आत गेली. कोर आजोबा वाट बघत राहिले. मग त्यांनी काठी सावरली आणि मला उचलायला हात पुढे केला.

तेवढ्यात ती परत आली. तिच्या एका कमरेवर ईशान होता आणि हातात घरातला चमचा. तिनं चमचाभर सूप घेतलं, चाखलं आणि डोळे मिटून क्षणभर विचार केला.

“आंबट आहे. थोडं मीठ हवं.”

“मीठ नको म्हणतात डॉक्टर.”

“मग चिमूटभर साखर घाला. मिरपूड घाला. आणि पुन्हा आणा, मी बघते.”

ते गेले आणि पुन्हा घेऊन आले. त्या दिवसापासून ते जे काही शिजवायचे, त्याचा घोटभर माझ्यावरून कुंपणाशी यायचा. उत्तरा ऑफिसच्या कामातून उठून खाली यायची, चाखायची आणि सांगायची. कधी नुसतं बोटानं सांगायची, थोडं, किंवा पुरे. त्यांची चव अजूनही पूर्ण परत आलेली नाही. ईशान आता दोन वर्षांचा होऊन गेला आहे. तो डचमध्ये “मीसुद्धा” म्हणतो आणि चमच्यासाठी हात पुढे करतो.

तर मित्रांनो, माझं सांगून झालं. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल, तर त्याला तारेच्या घासणीनं घासू नका. गरम असताना एकदम थंड पाण्याखाली धरू नका. भिंतीवर लावलंत तरी अधूनमधून खाली काढा. आणि कुणाच्या घरून त्यात काही आलं, तर ते ओट्यावर झाकून ठेवून विसरू नका. लगेच चाखून बघा.